रेड कॉमिनचा खून : एक चित्र आणि चित्राबाहेर राहिलेला माणूस

पानगळ :

मध्ययुगीन स्कॉटलंडबद्दल वाचताना एक चित्र मला वारंवार भेटत राहिलं आणि दर वेळी मी पान उलटून पुढे गेलो. या वेळी थांबलो. फेलिक्स फिलिपोतो या फ्रेंच चित्रकाराचं (१८१५-१८८४) हे चित्र. डम्फ्रीज गावातल्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये जॉन कॉमिनला मारतायत, तो क्षण. मारणाऱ्याचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे, रॉबर्ट ब्रूस, कोळ्याच्या गोष्टीतला राजा. मरणाऱ्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो मरतो.

मग महिनाभर या कॉमिनच्या मागे लागलो. जे हाती आलं ते इथे मांडतोय, कारण या माणसावर अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या दिवसाबद्दल. १० फेब्रुवारी १३०६, गुरुवार. (तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला धरत, म्हणून जुन्या कागदांत साल १३०५ दिसतं. दोन्ही एकच.) इंग्लंडच्या राजाचे न्यायाधीश डम्फ्रीजच्या किल्ल्यात कोर्ट भरवून बसले होते. कॅरिकचा अर्ल ब्रूस गावात होता, वय ३१. बॅडेनॉखचा लॉर्ड कॉमिनही होता. दोघं बोलायला फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमध्ये गेले. देवाचं घर, तिथे कोणी हत्यार उपसणार नाही, हा तेव्हाचा सर्वमान्य नेम. वेदीजवळ बोलणं सुरू झालं, शब्दाला शब्द लागला आणि ब्रूसनं वार केला. कॉमिनचा काका सर रॉबर्ट मध्ये पडला, त्यालाही तिथेच मारलं. त्याला ब्रूसचा मेहुणा ख्रिस्तोफर सीटन यानं मारलं असं सांगतात.

पुढची दंतकथा प्रसिद्ध आहे. ब्रूस बाहेर आला आणि म्हणाला, बहुतेक मी कॉमिनला मारलंय. त्यावर रॉजर कर्कपॅट्रिक म्हणाला, "बहुतेक? थांबा, मी पक्कं करतो." स्कॉट बोलीत 'आय मॅक सिकर'. आणि आत जाऊन त्यानं जखमी कॉमिनला संपवलं. कर्कपॅट्रिक घराण्याच्या चिन्हात खंजीर धरलेला हात आहे, पात्यावरून रक्ताचे थेंब गळतायत आणि खाली ब्रीद, 'मी पक्कं करतो'. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. पडलेल्या माणसाला संपवतानाचं वाक्य पिढ्यानपिढ्या मिरवलं गेलं.

आता कॉमिन कोण? वडील 'ब्लॅक कॉमिन', म्हणून हा 'रेड कॉमिन'. नाव दोघांचंही जॉन, ओळखायला रंग. आई एलेनॉर बॅलिऑल, म्हणजे राजा जॉन बॅलिऑलची सख्खी बहीण. या नात्यातच सगळं वैर आहे. १२८६ मध्ये राजा अलेक्झांडर तिसरा किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून मेला, १२९० मध्ये त्याची लहानगी नात ऑर्कनीत वारली आणि गादी रिकामी झाली. निवाडा करायला इंग्लंडच्या एडवर्ड पहिल्याला बोलावलं. १२९२ मध्ये गादी बॅलिऑलला मिळाली आणि ब्रूसचे आजोबा हरले. तेव्हापासून ब्रूस घराण्याच्या लेखी गादी आपली होती. कॉमिन घराण्याच्या लेखी राजा बॅलिऑलच, मग एडवर्डनं त्याला १२९६ मध्ये पदच्युत करून कैदेत का टाकलेलं असेना.

आणि या मधल्या वर्षांत एडवर्डशी लढलं कोण? फॉल्कर्कला इंग्रजांनी स्कॉट फौजेचा पराभव केल्यावर १२९८ मध्ये कॉमिन आणि ब्रूस दोघं मिळून राज्याचे पालक झाले. १३०२ च्या सुरुवातीला ब्रूस एडवर्डला शरण गेला. कॉमिन गेला नाही. २४ फेब्रुवारी १३०३ ला एडिंबराजवळ रॉस्लिनला त्यानं आणि सायमन फ्रेझरनं इंग्रज फौजेला हरवलं. फेब्रुवारी १३०४ मध्ये स्ट्रॅथॉर्डला तो शरण आला तेव्हा, दमलेल्या देशाच्या वतीनं, अटी घालून आला : माणसांचे जीव आणि जमिनी राखाव्यात, अलेक्झांडर राजाच्या वेळचे कायदे आणि रिवाज राहावेत. त्यानंतर दोन वर्षांनी तो वेदीसमोर पडला.

चित्रात यातलं काही येत नाही. चित्रात तो फक्त खंजिराच्या टोकाशी आहे.

जाईजुई :

छान लिहिलंय. पण मी लहानपणी वाचलेल्या गोष्टीत कॉमिन फितूर होता. दोघांनी गुप्त करार केला होता, एकानं राजा व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्या जमिनी घ्यायच्या, आणि कॉमिननं तो कागद एडवर्डला दाखवला. ब्रूसला कोणीतरी लंडनमध्ये घोडेस्वाराचे टाचेला लावायचे काटे पाठवून "पळ" असा इशारा दिला. हे खोटं आहे का?

पानगळ :

जाईजुई, ही गोष्ट खुनानंतर बरीच वर्षं उलटल्यावर लिहिलेल्या ग्रंथांत आहे, आणि ते ग्रंथ ब्रूसच्या बाजूचे. ब्रूसवरचं मोठं काव्य लिहिणारा ॲबर्डीनचा आर्चडीकन जॉन बार्बर १३७५ च्या सुमारास लिहीत होता, म्हणजे जवळजवळ ७० वर्षांनी. तेव्हा गादीवर रॉबर्ट दुसरा, ब्रूसच्या मुलीचा मुलगा. राजाच्या आजोबांनी चर्चमध्ये खून केला, त्याचं काहीतरी कारण लोकांना सांगायलाच हवं होतं. मेलेला माणूस फितूर ठरला की खून शिक्षा ठरतो.

इंग्रजी बाजूच्या बखरी नेमकं उलट सांगतात, की ब्रूसनंच कॉमिनला कपटानं बोलावून घेतलं. तेही तितकंच सोयीचं.

गुप्त करार मात्र एक खरोखर झाला होता. ११ जून १३०४ ला केंबस्केनेथच्या मठात. पण तो ब्रूस आणि सेंट अँड्र्यूजचा बिशप लँबर्टन यांच्यात. एकमेकांना संकटात साथ द्यायची, एकमेकांना न विचारता मोठं काही हाती घ्यायचं नाही. त्यात कॉमिनचं नाव कुठेही नाही.

बुरूज :

धागा आवडला, पण पारडं फार एका बाजूला झुकलंय, म्हणून थोडं उलट बोलतो.

एक, कॉमिन काही निमूट बसणारा माणूस नव्हता. ऑगस्ट १२९९ ला पीबल्सला सरदारांची बैठक झाली. विल्यम वॉलेस, इंग्रजांविरुद्ध लढणारा आणखी एक स्कॉट पुढारी, कोणाला न विचारता देशाबाहेर गेला म्हणून त्याच्या मालमत्तेवरून वाद पेटला. डेव्हिड ग्रॅहम आणि वॉलेसचा भाऊ माल्कम यांनी खंजीर उपसले. त्या गोंधळात कॉमिननं उडी मारून ब्रूसचा गळा धरला. हे इंग्रजांच्या हेरानं तेव्हाच कळवलेलं आहे, सत्तर वर्षांनी रचलेलं नाही. म्हणजे चर्चमध्ये जे झालं त्याची सुरुवात सहा वर्षं आधी झाली होती, आणि त्या वेळी हात कॉमिनचा होता.

दोन, तुम्ही स्ट्रॅथॉर्डच्या अटींचं कौतुक केलंत. पण त्या तहातून वॉलेसला वगळलं होतं. पुढे पकडून त्याला २३ ऑगस्ट १३०५ ला लंडनला स्मिथफील्डमध्ये हालहाल करून मारलं.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खुनानंतर ब्रूसला मागे फिरायला वाट राहिली नाही. एडवर्ड माफ करणार नाही, पोप बहिष्कृत करणार. सहा आठवड्यांत, २५ मार्च १३०६ ला, त्यानं स्कोनला मुकुट चढवला. १३१४ चं बॅनकबर्न, म्हणजे ब्रूसनं इंग्रजांना हरवलं ती लढाई, त्या दिवशीच्या रक्तातून निघालं. कॉमिनच्या वाटेनं देश शांत राहिला असता, पण इंग्लंडचा प्रांत म्हणून. मी स्कॉट असतो तर ब्रूसच्या मागे गेलो असतो.

पानगळ :

बुरूज, पीबल्सचा प्रसंग मी लिहायला हवा होता. मान्य. वॉलेसचंही मान्य, तो डाग आहेच.

तिसरा मुद्दा मात्र गळी उतरत नाही. त्या रक्तातून आधी बॅनकबर्न निघालं नाही, आधी यादवी निघाली. बॅनकबर्नच्या आधीची पहिली काही वर्षं ब्रूस इंग्रजांइतकाच स्कॉट लोकांशी लढला, कॉमिनच्या नातलगांशी. १३०८ मध्ये इनव्हरुरीला बकनचा अर्ल हरल्यावर ब्रूसच्या माणसांनी बकन प्रांत असा जाळला की ती जाळपोळ लोकांनी पिढ्यानपिढ्या बोलून ठेवली. त्या शेतकऱ्यांनी कोणाचा करार मोडला होता?

शाईदौत :

मी चित्रकार आहे, पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून चित्राबद्दल बोलते.

फिलिपोतो हा लढायांचा चित्रकार. वॉटर्लूच्या लढाईतल्या फ्रेंच घोडदळाच्या हल्ल्याचं त्याचं मोठं तैलचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, १८७४ चं. त्याचा मुलगा पॉल यानं तर अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईचं गोल दालनभर फिरणारं प्रचंड चित्र केलं. या घराण्याचा हात गर्दी, धूर, घोडे यांत बसलेला. अशा माणसाला एका बंद चर्चमधला दोघातिघांचा प्रसंग दिला की तो त्याचीही लढाई करणार. आणि लढाईच्या चित्रात बघणाऱ्याचा डोळा हत्यार उचललेल्या हाताकडे जातो. तो नियमच आहे. खाली पडणारा माणूस तोल सांभाळायला असतो.

त्या काळची सचित्र इतिहासाची पुस्तकं कशी छापत तेही सांगते, कारण त्याचा परिणाम होतो. बॉक्सवुड नावाचं अतिशय घट्ट लाकूड, त्याचा आडवा छेद. झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठं चित्र हवं तर चारसहा ठोकळे मागून बोल्टनं आवळून एक पृष्ठभाग करायचा. चित्रकारानं त्यावर उलटं चित्र काढायचं. मग कोरणारे कारागीर अणकुचीदार ब्युरिननं पांढरं राहायचं तेवढं कोरून काढणार. उरलेल्या उंचवट्याला शाई लागते आणि तो ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापला जातो. यात अंधार फुकट मिळतो, उजेड कोरावा लागतो. आतलं चर्च म्हणजे बहुतेक जागा काळी, आणि उजेडाचा एक पट्टा. तो पट्टा कुठे पाडायचा हा निर्णय घ्यावाच लागतो. मी असते तर मीही खंजिराच्या हातावर पाडला असता, हे प्रामाणिकपणे सांगते. पानगळ यांचं वाचून आता वाटतंय, नसता पाडायला हवा.

रानवाट :

एक विचारू? अशा चित्रांत स्कॉट लोक नेहमी चौकडीचे किल्ट घालून का असतात? तेव्हा तसे कपडे होते?

शाईदौत :

नाही. खांद्यावरून घ्यायची, कमरेला पट्ट्यानं आवळायची ती लांब लोकर सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे दिसते, आणि ती डोंगराळ भागातली. १३०६ चा सरदार इंग्लंड-फ्रान्सच्या सरदारासारखाच दिसायचा. लढाईला कड्यांचं चिलखत आणि वर आपल्या चिन्हाचा बिनबाह्यांचा झगा. डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्याचं चिलखत त्यानंतर शंभरेक वर्षांनी रुळलं. भाषाही तशीच, ब्रूस आणि कॉमिन दोघांच्या घरांचं मूळ नॉर्मन, या थरात फ्रेंच सर्रास चाले.

पानगळ :

चिन्हाचा विषय निघालाच आहे तर एक गंमतशीर तपशील. या कॉमिनच्या ढालीवर तांबड्या रंगावर पिकाच्या तीन सोनेरी पेंढ्या. चिन्हांचे अभ्यासक सांगतात की हा नावावरचा श्लेष आहे, कॉमिन म्हणजे क्युमिन, अर्थात जिरं. म्हणजे त्या पेंढ्या जिऱ्याच्या. आपल्या फोडणीतली वस्तू स्कॉटलंडच्या ढालीवर. आणि ब्रूस त्या दिवशी राजा नव्हता, त्यामुळे कोणी त्याच्या अंगावर राजाचा लाल सिंह काढला असेल तर ती चूक.

क्लाइडकाठ :

मी ग्लासगोला राहते. मागच्या वर्षी डम्फ्रीजला गेले होते, त्यामुळे लिहायलाच हवं. ग्लासगो सेंट्रलहून रेल्वेनं पावणेदोन तास.

पहिली गोष्ट, आज गावात भर चौकात ग्रेफ्रायर्स नावाचं लाल दगडाचं चर्च आहे, समोर रॉबर्ट बर्न्सचा पुतळा. (बर्न्स शेवटची वर्षं याच गावात होता, १७९६ ला इथेच गेला.) मी आधी तेच समजून आत जायला निघाले. ते एकोणिसाव्या शतकातलं. जुन्या मठाचं काही उरलेलं नाही. जवळच कॅसल स्ट्रीटवर एका साध्या इमारतीच्या भिंतीवर फलक आहे, तेवढंच. पाऊस पडत होता, लोक पिशव्या घेऊन जात होते, मी छत्री सावरत वाचत उभी राहिले. फलकावर गुरुवार, १० फेब्रुवारी १३०६ आहे, ब्रूस आहे, साथीला कर्कपॅट्रिकचं नाव आहे, आणि पुढे बॅनकबर्नचा विजय आहे. कॉमिनही आहे, पण मारला गेला एवढ्यापुरता. पानगळ, तुम्ही चित्राबद्दल जे म्हणताय तेच त्या फलकाबद्दल मला तेव्हा वाटलं होतं, फक्त नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं.

कॉमिन भेटतो तो उत्तरेला. फोर्ट विल्यमजवळ इनव्हरलॉखीचा पडका किल्ला आहे, त्याच्या घराण्यानं बांधलेला, चारही कोपऱ्यांना गोल बुरूज. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बुरुजाला अजून 'कॉमिनचा बुरूज' म्हणतात. मागे बेन नेव्हिस. मी तिथे गेले तेव्हा त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं. पुन्हा जाईन.

जाईजुई :

आणि त्याची बायको? मुलं?

पानगळ :

बायको जोन, व्हॅलेन्स घराण्यातली. एडवर्ड राजाची चुलतबहीण लागायची. मुलाचं नाव पुन्हा जॉनच. तो इंग्लंडच्या बाजूनं वाढला आणि बॅनकबर्नला ब्रूसच्या विरुद्ध लढताना मेला. बाप ब्रूसच्या हातून, मुलगा ब्रूसच्या फौजेकडून. बुरूज म्हणाले तसं बॅनकबर्न त्या रक्तातून निघालं असेल, तर त्याच घराचं आणखी एक रक्त त्यात मिसळलं.

आणखी एका बाईबद्दल लिहितो. इझाबेला, बकनची काउंटेस. राजाला गादीवर बसवण्याचा मान परंपरेनं तिच्या माहेरचा, फाइफच्या अर्लांचा. तिचा नवरा म्हणजे बकनचा अर्ल, रेड कॉमिनचा भाऊबंद. नात्यातल्या माणसाच्या खुनाला दोन महिनेही झाले नव्हते आणि ही नवऱ्याला सोडून स्कोनला पोचली, ब्रूसला पुन्हा एकदा मुकुट घातला. पुढे पकडली गेली तेव्हा एडवर्डनं तिला बेरिकच्या किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवलं, सुमारे चार वर्षं. तिच्या मनात काय होतं ते कुठे लिहिलेलं नाही.

बुरूज :

इझाबेलाचं वाचून मी पण जरा वेळ काही लिहू शकलो नाही. माझं मत बदललेलं नाही, पण एक विचारतो. कर्कपॅट्रिकचं वाक्य तुम्ही दंतकथा म्हणालात. मग त्या चर्चमध्ये खरंच उच्चारलेलं असं काहीच हाती नाही का?

पानगळ :

बुरूज, हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण कसं लिहावं कळत नव्हतं.

जॉन फॉर्डनच्या नावानं चालत आलेल्या चौदाव्या शतकातल्या बखरीत या खुनाचं थोडक्यात वर्णन आहे. बखर ब्रूसच्या बाजूची, कॉमिनला वाईट बोलणारा म्हणते. पण त्यात असं आहे की वार झाल्यावर साधूंनी जखमी कॉमिनला उचलून वेदीच्या मागे नेऊन ठेवलं. भोवतीच्यांनी त्याला विचारलं, जगू शकशील का? तो म्हणाला, "जगेन." ते त्याच्या वैऱ्यांनी ऐकलं आणि आणखी एक वार केला.

वाक्य शब्दशः खरं की नाही ते बाजूला ठेवा. विरोधकांच्या बखरीत त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द हा आहे. 'मी पक्कं करतो' ब्रीद झालं, शिल्पात गेलं, फलकावर कर्कपॅट्रिकचं नाव गेलं. 'जगेन' कुठेच कोरलेलं नाही.

क्लाइडकाठ :

वाचून डोळ्यांत पाणी आलं. दुसरं काही लिहीत नाही.

बुरूज :

मी ब्रूसच्याच मागे गेलो असतो, हे परत म्हणतो. पण वेदीच्या मागे नसतो गेलो.

शाईदौत :

पानगळ, मला हे काढायचंय. खंजीर नको. वेदीच्या मागची जागा, दोन साधू, आणि त्यांनी टेकवून ठेवलेला माणूस. चेहऱ्याजवळ कान नेलेला एक साधू, उत्तर ऐकायला. तपशील चुकू नयेत म्हणून विचारते, साधूंचा वेश कसा? आत बसायची बाकं काढू का? उजेड कुठून?

पानगळ :

करड्या, न रंगवलेल्या लोकरीचा झगा, म्हणूनच 'ग्रे फ्रायर्स'. कमरेला गाठी मारलेली दोरी. डोक्याचा मधला भाग भादरलेला. बाकं नकोत, तेव्हा लोक चर्चमध्ये उभे राहत, बाकांच्या रांगा फार नंतर आल्या. उजेड फेब्रुवारीतला, स्कॉटलंडचा, भर दुपारीही सूर्य खाली. चर्चमध्ये वेदी पूर्वेच्या टोकाला असते, म्हणजे तुमचा माणूस पूर्वेच्या भिंतीशी असेल. दक्षिणेच्या खिडकीतून तिरपा उजेड आणा.

शाईदौत :

म्हणजे पट्टा त्याच्या चेहऱ्यावर आणता येईल. रविवारी कच्चं रेखाटन इथे टाकते. क्लाइडकाठ, इनव्हरलॉखीला परत गेलात तर बुरुजाचे फोटो टाका, दगड जवळून दिसेल असे. भिंत मला तिथल्यासारखी हवी आहे.